घडणावळ माफ असेल तरच घ्या

नाशिकच्या गंगापूर रोडला स्वतःचा फ्लॅट झाला, दारात मोठी गाडी आली, मुलीचे लग्न शहराबाहेरच्या लॉन्सवर थाटात पार पडले, आणि आता एक सोन्याचे, चावीचे, संग्राहक लोक जपतात तसे घड्याळ मनगटावर असावे असे आपल्या मनाने घेतले असेल, तर निर्णय उत्तमच आहे. फक्त खरेदीच्या वेळी आपला व्यवहार सोडू नये. घड्याळाच्या दुकानात शिरण्याआधी सराफ बाजारातून एक चक्कर मारावी म्हणजे डोके ठिकाणावर राहते. आजीच्या पाटल्यांपासून आपण चार प्रश्न विचारत आलो आहोत: कॅरेट किती, वजन किती, घट किती आणि घडणावळ किती. स्विस घड्याळ झाले म्हणून ते बदलण्याचे काही कारण नाही.

पहिल्याच उत्तराला आपण नाक मुरडावे. हे सोने 18 कॅरेटचे, म्हणजे हजारात 750 भाग सोने असते आणि आपल्या घरात 916 खाली काही चालत नाही. विक्रेता सांगू लागेल की सोने जितके शुद्ध तितके मऊ, आणि घड्याळाच्या केसला रोजच्या वापरातले धक्के सोसायचे असतात, काच आणि झाकण वर्षानुवर्षे घट्ट धरून ठेवायचे असते, म्हणून त्यात तांबे आणि चांदी मिसळतात. गुलाबी छटा हवी असेल तर तांबे वाढवतात. त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे आणि मग शांतपणे विचारावे, ‘म्हणजे तांब्याचेही पैसे आम्हीच द्यायचे?’

वजनाच्या बाबतीत तर फसवणूक उघडच आहे. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने 1932 मध्ये काढलेले 96 क्रमांकाचे कालात्राव्हा हे मॉडेल या जातीच्या घड्याळांचे कुलदैवत मानले जाते, आणि ते आहे जेमतेम 31 मिलिमीटरचे, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडेसेच मोठे. पियाजे या दुसऱ्या स्विस कंपनीने 1957 मध्ये हाताने चावी द्यायचे जे यंत्र आणले, त्याची एकूण जाडी 2 मिलिमीटर होती. एवढ्याशा जागेत कमान, चक्रांची माळ आणि डोलणारे बॅलन्स व्हील एकमेकांना न घासता फिरवायचे, तर सुटे भाग शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने बसवावे लागतात, असे जाणकार मोठ्या कौतुकाने सांगतात. आपण त्यात एवढेच ऐकावे की माल कमी आणि भाव जास्त. शिवाय हा सारा खटाटोप घड्याळ शर्टाच्या कफाखाली अलगद सरकावे यासाठी केलेला असतो. जी वस्तू बाहीखाली लपावी म्हणून मुद्दाम पातळ केली, ती चारचौघांना दिसणार कशी? म्हणून लग्नकार्यात बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्यात, आणि वाढपी नको म्हणत असतानाही मठ्ठ्याचा पेला त्याच हाताने पुढे करावा.

आता घडणावळ. इथे मात्र खुर्चीत नीट सरसावून बसावे, कारण या घड्याळात घडणावळीशिवाय फारसे काही नसतेच. मागच्या झाकणाखाली चक्रांना वरून धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना ब्रिज म्हणतात. त्यांच्या कडा 45 अंशांत उतरत्या घासतात आणि शेवटचा हात जेंशियन नावाच्या डोंगरी वनस्पतीच्या वाळलेल्या काडीला बारीक लेप लावून फिरवतात. दोन कडा जिथे आतल्या बाजूस टोकदार कोनात मिळतात, तिथे यंत्राचे फिरते टोक पोहोचत नाही, कोन गोल होऊन बसतो. तो माणसाच्या हातानेच काढावा लागतो, आणि संग्राहक डोळ्याला भिंग लावून नेमका तोच शोधतात. स्क्रूंचे पोलादी माथे कथलाच्या पत्र्यावर घासून इतके सपाट करतात की एका बाजूने पाहिले तर आरसा आणि जरा कलते केले की काजळ. निळे स्क्रू रंगवलेले नसतात: पोलाद सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की तो निळा रंग आपोआप चढतो, आणि कारागिराची नजर क्षणभर हलली तर उतरूनही जातो. आपला हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या कँटनने, म्हणजे तिथल्या प्रांताने, 1886 मध्ये कायदा करून जो ठसा सुरू केला, तो यंत्रावरच्या कामाची ग्वाही देतो. आणि हे सगळे झाल्यावर जुन्या चालीची ड्रेस घड्याळे, म्हणजे समारंभाच्या पोशाखावर घालायची ही पातळ घड्याळे, बनवणारे काय करतात? वर भरीव सोन्याचे झाकण बसवतात, जे पुढे घड्याळजीशिवाय कोणी उघडत नाही. कपाटामागच्या भिंतीला आपण रंगाचा दुसरा हात देत नाही, मग न दिसणाऱ्या कडांची मजुरी आपण का द्यावी, हा प्रश्न विक्रेत्याला तोंडावर विचारावा.

तबकडीवरच्या नक्षीने विरघळू नये. ज्या बारीक, एकमेकींत गुंतलेल्या रेषांना गिलोशे म्हणतात, त्या हाताने फिरवायच्या लेथवर एक एक करून कापतात. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्याने हत्याराचा दाब सांभाळायचा, आणि शेवटची रेष बिघडली तर तबकडी भंगारात. पण आपण नाशिककर आहोत. त्याच कुळातली रेषांची जाळी नकली नोटांना आळा घालण्यासाठी नोटांवर छापतात, आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना 1928 पासून चालू आहे. गिलोशेच पाहायचे तर खिशातली नोट उजेडात धरावी. ते फुकट पडते. ही नक्षी घड्याळात रुजवणारा घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे 1747 साली जन्मला, म्हणजे गोदाकाठी नारोशंकराचे देऊळ बांधले गेले त्याच साली. (त्या देवळाचे शिल्पकाम पाहताना आपल्यापैकी कोणी दगडाचे वजन विचारल्याचे ऐकिवात नाही, पण ते असो.)

‘17 ज्वेल्स’ या शब्दांनी हुरळू नये. ती माणके कारखान्यात तयार केलेली असतात आणि घर्षण कमी व्हावे म्हणून चक्रांच्या टोकांखाली बसवलेली असतात. अंगठीत जडवायला काढून देणार नाहीत.

अचूकपणाचा मुद्दा सौद्यात हुकमी एक्का म्हणून राखून ठेवावा. सेको या जपानी कंपनीने 25 डिसेंबर 1969 रोजी क्वार्ट्झचे, म्हणजे बॅटरीवर कंपणाऱ्या स्फटिकाचे, पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. आज अशा घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंपतो आणि महिन्याकाठी फार तर काही सेकंद चुकतो. सोन्याचे घड्याळ तेवढे एका दिवसात चुकते. ‘लाखो रुपये घेऊन दिवसाला पाच सेकंदांची चूक?’ असे आपण तावातावाने विचारावे, आणि मग 11 वाजून 52 मिनिटांच्या मुहूर्ताला अक्षता हातात घेऊन पावणेएकपर्यंत उभे राहण्यासाठी कार्यालयाकडे निघावे.

जुने घड्याळ मिळत असेल तर ते आधी नवे करून घ्यावे. केसला असे कडक पॉलिश मारावे की पट्टा अडकवायच्या शिंगांच्या धारा बोथट होतील आणि ठसे पुसले जातील. संग्राहक याला घड्याळाची हत्या म्हणतात, पण त्यांच्या घरी पाहुणे येत नसावेत. पिवळट पडलेली तबकडी रंगवून घ्यावी. मुंबईत रंगवलेल्या तबकड्यांची जुनी घड्याळे जगभरचे शौकीन ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ओळखतात, आणि त्यांपासून चार हात दूर राहतात. याच लोकांच्या जगात 2016 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात पाटेक फिलिपच्या 1518 क्रमांकाच्या मॉडेलचे एक घड्याळ 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकना गेले, आणि ते साध्या पोलादाचे होते. त्याच क्रमांकाची सोन्याची घड्याळे सहसा त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. ही बातमी सराफाला सांगू नये, त्याला ती मानवणार नाही.

शेवटी सोन्याचा भाव चढला आणि विकावेसे वाटले, तर बिनधास्त सराफ बाजारात न्यावे. आपण पहिले नाही: 1980 च्या जानेवारीत सोने औंसाला 850 डॉलरवर गेले, त्या तेजीत जगभर कितीतरी सोन्याची घड्याळे मुशीत गेली. सराफ भिंग लावून ठसा पाहील, ‘काका, आतले मशीन घटीत जाणार’ असे म्हणेल, घड्याळजीकडून ते काढून आणायला सांगेल आणि केस तराजूत टाकेल. उरलेले यंत्र एका प्लास्टिकच्या पुडीत परत मिळेल, ते न विसरता घ्यावे. सकाळी पूर्ण चावी दिली असेल तर काटे नाहीत, तबकडी नाही, तरी ते त्या पुडीत सुमारे 40 तास, म्हणजे उद्या रात्रीपर्यंत, टिकटिकत राहील.