इकडे भोंगा, तिकडे खांब

सायकल चालवणाऱ्या माणसाला सल्ल्यांची ददात कधी पडत नाही. रस्त्याने निघालो की मागचा गाडीवाला भोंगा वाजवतो, शेजारी येऊन काच खाली करतो आणि म्हणतो, "अहो काका, ट्रॅक केलाय ना तुमच्यासाठी? मग इथे कशाला कडमडताय?" ट्रॅकवर गेलो की पुढून डुलत चाललेली व्यक्ती कानातला इअरफोन काढून म्हणते, "जरा हळू! तिकडे एवढा मोठा रस्ता पडलाय की!" दोघांनाही माझी मनापासून काळजी वाटते आणि दोघांनाही मी दुसरीकडे हवा असतो.

ट्रॅक सुरू होतो तो मोठ्या थाटात. लालभडक रंग आणि त्यावर पांढऱ्या सायकलचं चित्र. चित्रातल्या सायकलवर बसलेलं मात्र कुणी नसतं, ही चित्रकाराची दूरदृष्टी. थोडं पुढे 'फक्त सायकलींसाठी' अशी पाटी. पाटीला खांब लागतो, खांबाला जागा लागते आणि ती ट्रॅकच्या बरोब्बर मधोमध सापडलेली असते. खांब चुकवावा तर गटाराचं झाकण, ट्रॅकपेक्षा चार बोटं खाली. झाकण चुकवावं तर 'दोनच मिनिटं हं' म्हणून लावलेली मोटार. तिचे चारही दिवे लुकलुकत असतात. हे दिवे लावले की गाडी जागा व्यापत नाही, असा तिच्या मालकाचा शास्त्रीय समज आहे. पाऊस पडला की तो लाल रंग असा काही निसरडा होतो, की या सगळ्या वस्तू चुकवण्याचा निर्णयही माझ्या हातात राहत नाही.

एवढं होऊनही मी ट्रॅक सोडला नसता. सोडावा लागतो, कारण तोच मला सोडतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तो इमानेइतबारे सोबत करतो आणि जिथे गाड्या चारी बाजूंनी वळतात, त्या चौकाच्या जरा अलीकडे गायब होतो. उथळ पाण्यात हात घट्ट धरणाऱ्या आणि खोल पाणी लागताच 'जा आता, येतंय तुला' म्हणणाऱ्या पोहण्याच्या मास्तरांची मला तिथे न चुकता आठवण होते.

खरा धोका चौकातच असतो, हे मुरलेल्या सायकलवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. ट्रॅक उभ्या गाड्यांच्या आडून आलेला असला, तर वळणाऱ्या ड्रायव्हरला मी दिसलेलोच नसतो. त्याच्या दृष्टीने मी चौकात एकाएकी जमिनीतून उगवतो. म्हणून या मुरलेल्यांचा एक पंथच आहे: सायकल हे वाहन आहे, तेव्हा ती वाहनासारखी रस्त्यावरून चालवा, कडेला अंग चोरू नका, लेनच्या मध्ये राहा आणि लोकांना दिसा. अमेरिकेत जॉन फॉरेस्टर यांनी 1970च्या दशकापासून हा विचार हिरिरीने मांडला. मला तो शंभर टक्के पटतो. अडचण एवढीच, की त्या करारावर माझ्या मागून येणाऱ्या ट्रकचीही सही लागते.

बरं, कडेने जावं तर उभ्या गाड्यांची दारं. रांगेतल्या कुठल्या गाडीचं दार कधी उघडेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. यावर एक साधा उपाय आहे. दाराजवळचा हात न वापरता लांबच्या हाताने दार उघडायचं, म्हणजे खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारा सायकलवाला आयताच दिसतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत 2022 साली हा सल्ला आला. सायकलवाल्याने शांत रस्त्यावर आणि चौक जवळ आल्यावर लेनच्या मध्ये राहावं, असंही तिथे त्याच वेळी लिहिलं गेलं. मागच्या भोंग्याला हे वाचून दाखवावं असं फार मनात येतं, पण दोन्ही हात हँडलवर लागतात.

हे भांडण आजचं असतं तर मिटण्याची काही आशा होती. पण कार्ल फॉन ड्राइसने जर्मनीतल्या मानहाइममध्ये आपली दुचाकी पहिल्यांदा पळवली ती जून 1817 मध्ये. तिला पेडल नव्हतं, पायांनी जमीन रेटत जायचं. रस्ते घोडागाड्यांच्या चाकांनी उखणलेले, म्हणून लोक ती पदपथावरून नेऊ लागले, आणि त्याच डिसेंबरात पदपथावर दुचाकीला बंदी आली. म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होतंय न होतंय, तोच 'इथे नको, तिकडे जा' सुरू! पुढे 1880च्या दशकात चांगल्या रस्त्यांसाठी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आरडाओरडा केला तो सायकलवाल्यांनी. मोटार तेव्हा नुकती डोळे उघडत होती. रस्ते गुळगुळीत झाले, मोटारी आल्या आणि लगेच विचारू लागल्या, "तुम्ही इथे काय करताय?" 1934 साली लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर सायकलींचा ट्रॅक झाला, तर सायकलवाल्यांच्या संघटनेचाच त्याला विरोध. आज ट्रॅक देताय, उद्या रस्ता काढून घ्याल, ही त्यांची धास्ती. मला ती मुळीच वेडगळ वाटत नाही.

नेदरलँड्सचं नाव निघालं की आम्ही सायकलवाले जरा हळवे होतो. तिथेही हे आपोआप घडलेलं नाही. 1970च्या दशकात गाड्यांखाली मुलं मरू लागली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यात 1973 चा तेलाचा तुटवडा आला. मग जे ट्रॅक झाले, ते चौकातही पळून जात नाहीत. तिथे ट्रॅक मुख्य रस्त्यापासून साधारण एका गाडीच्या लांबीइतका आत घेतात. गाडी आधी वळते, मग थांबते आणि ड्रायव्हरला सायकलवाला सरळ समोर दिसतो. उलट गल्लीबोळांत, जिथे वेग तासाला 30 किलोमीटरवर बांधलेला असतो, तिथे ट्रॅकच्या भानगडीत सहसा पडतच नाहीत. सायकली आणि गाड्या एकत्र नांदतात. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं गणित कुणीतरी लक्षात ठेवलं, एवढंच. तेव्हा सायकल रस्त्यावर की ट्रॅकवर, हा प्रश्न मला न विचारता त्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेगाच्या काट्याला विचारावा. काटा 30च्या आत असेल तर मी रस्त्यावर यायला तयार आहे. 60वर असेल तर मला ट्रॅक हवा, आणि तो चौकाच्या पलीकडेपर्यंत हवा. खांब वगळून.

हे सगळं मी एकदा ट्रॅकवर चालणाऱ्या एका आजोबांना समजावू पाहिलं. घंटी वाजवून झाली होती, खाकरून झालं होतं. शेवटी उतरून म्हणालो, "आजोबा, हा सायकलींचा ट्रॅक आहे."

"ठाऊक आहे की," ते म्हणाले. "पण फूटपाथवर गाड्या लावल्यात. मग मी चालू कुठे?"

प्रश्न रास्त होता. फूटपाथवरच्या गाडीतच तिचा मालक बसला होता, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, "पार्किंगच्या जागेत दुकानवाल्याने माल ठेवलाय. मग मी लावू कुठे?" दुकानवाला दारातच उभा होता. त्याने आतल्या खोक्यांच्या ढिगाकडे हात केला आणि मलाच विचारलं, "मग मी ठेवू कुठे?"

मी परत आलो तेव्हा आजोबा माझी सायकल धरून उभे होते. त्यांनी आपुलकीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही असं करा, रस्त्यावरून जा. तिथे भरपूर जागा आहे."

त्यांनी दाखवलेल्या भरपूर जागेत त्या वेळी एक ट्रक उलटा मागे येत होता.