नियामक मंडळावर निवड झाल्याबद्दल अभिनंदन!

नाटक, नृत्य किंवा संगीत सादर करणाऱ्या एका नावाजलेल्या संस्थेच्या नियामक मंडळावर तुम्हाला घेतलं आहे. आपल्याला कलेतलं काय कळतं, अशी शंका मनात आली असेल तर ती आधी काढून टाका. ज्यांना कळतं ते आत तालमीत घाम गाळताहेत. तुमच्या अनुभवाचा संस्थेला फायदा व्हावा, असं अध्यक्ष फोनवर म्हणाले तेव्हा त्यांचा डोळा तुमच्या अनुभवावर नव्हता, हे तुम्हीही जाणता. अमेरिकेतल्या कलासंस्थांच्या मंडळांत याबाबत उघडच बोलतात: पैसे द्या, नाहीतर आणून द्या, नाहीतर खुर्ची सोडा. तुम्ही मात्र चौथा मार्ग धरा. नुसते बसा.

बसणं हीसुद्धा साधना आहे. सभेच्या आधी येणारा कागदांचा गठ्ठा उघडू नका. तो सभेतच, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा उघडायचा असतो. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करताना आपलं नाव कुठे आलंय तेवढं बोटाने शोधा. मग ताळेबंद येईल. कोषाध्यक्ष खालच्या आवाजात सांगतील की यंदा थोडी तूट आहे, ती कायम निधीतून, म्हणजे ज्याचं मुद्दल मोडायचं नसतं त्या ठेवीतून, भागवली आहे, पुढच्या हंगामात भरून काढू. या क्षणी मान डोलवायची. 'मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात' असं बोलून कुणाचा विरस करू नका. सूचक, अनुमोदक, मंजूर. पुढचा विषय निमंत्रणपत्रिका. आता खुर्चीत सावरून बसा, कारण संस्थेच्या हिताचा प्रश्न आता कुठे सुरू होतोय: कोणाचं नाव कोणाच्या वर? माजी अध्यक्ष आधी की विद्यमान उपाध्यक्ष? देणगीदारांची नावं त्याच टायपात की एक घर लहान? हा विषय सभा तहकूब होईपर्यंत पुरतो. नर्तकांच्या विम्याचा विषय त्याच्या खाली असतो. तो पुढच्या सभेत घेऊ.

तूट कायम निधीतून भागवण्याची पद्धत वाईट नाही, चांगल्या घरांतून आलेली आहे. १९४३ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्क सिटी ऑपेराचंच बघा. कलासंचालक म्हणून युरोपातून जेरार मॉर्तिए यांच्यासारखा मोठा माणूस ठरवला, आणि कबूल केलेला पैसा उभा राहत नाही म्हटल्यावर तो रुजू होण्याआधीच २००८ मध्ये परत फिरला. निधी आटत गेला आणि २०१३ मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. प्रत्येक पायरीवर ठराव रीतसर झालेला असणार, याबद्दल मला शंका नाही.

हिशेबावर गप्प राहिल्यामुळे जी वाचा शिल्लक राहते ती कलेवर खर्च करा. रंगीत तालमीला जा, मधल्या रांगेत बसा आणि दिग्दर्शकाला नंतर बाजूला घेऊन सांगा, "दुसरा अंक जरा लांबतोय, नाही का?" हे वाक्य कोणत्याही नाटकाला लागू पडतं, अगदी एकांकिकेलाही. तुम्ही कारखाना चालवत असाल तर कार्यक्षमतेचा मुद्दा काढायला विसरू नका. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच मांडलं होतं की चार वादकांची रचना वाजवायला पूर्वीही चारच माणसं लागत होती आणि तेवढाच वेळ लागत होता. बाहेरची उत्पादकता आणि पगार वाढत गेले की इथला खर्च फुगणारच, आणि तिकिटांवर तो निघणार नाही. म्हणजे बाहेरून पैसा आणणं हे मंडळाचं मूळ कामच ठरतं. असली गैरसोयीची माहिती मनावर घेऊ नका. तीन वादकांत भागेल का, एवढं विचारून ठेवा.

इमारतीबाबत मात्र सढळ हात ठेवा. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने पगारकपातीच्या वादात ऑक्टोबर २०१२ पासून जानेवारी २०१४ पर्यंत वादकांना कामाबाहेर ठेवलं, आणि त्याच काळात सभागृहाचं सुमारे पाच कोटी डॉलरांचं नूतनीकरण पार पडलं. वादकांचा पगार संगीतात विरून जातो; भिंतीवर मात्र नाव कोरता येतं. कोरलेलं नावही अमर असतं असं समजू नका. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या सभागृहाला एव्हरी फिशर यांचं नाव मिळालं ते १९७३ च्या एक कोटी पाच लाख डॉलरांच्या देणगीमुळे. ते नाव उतरवायला कुटुंबाने राजी व्हावं म्हणून पुढे दीड कोटी डॉलर मोजावे लागले, तेव्हा कुठे २०१५ मध्ये दहा कोटी देणाऱ्या डेव्हिड गेफेन यांची पाटी लागली. देणगीपेक्षा देणगी पुसण्याचा भाव जास्त! तुमची पाटी लावताना करार नीट वाचा. वाचण्यासारखा तेवढाच एक कागद आहे.

शुभारंभाच्या प्रयोगाला पहिल्या रांगेचे मानाचे पास घ्या आणि उशिरा या. त्याआधी मनोगत व्यक्त करायचं असेलच. विंगेत नर्तकी तासभर अंग मोकळं करून उभी असते. तुम्ही संस्थेच्या वाटचालीचा आढावा घेत असता तेव्हा तिच्या पोटऱ्या हळूहळू थंड पडतात, ती लोकरी मोजे पुन्हा वर ओढते, एका पायावर भार देत जागच्या जागी टाच उचलत राहते आणि प्रकाशयोजनाकाराकडे बघते. तो खांदे उडवतो. तिकडे लक्ष देऊ नका. "जास्त वेळ घेत नाही" असं म्हणून आणखी एक आठवण सांगा. नंतर तिचा पाय मुरगळला तर शुभेच्छापत्र पाठवता येतं, आणि विमा पुढच्या सभेत आहेच.

एवढं सगळं करूनही सावध राहावं लागेल, कारण कलाकारांना कधी कधी मंडळाशिवाय चालतं असं वाटू लागतं. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९०४ मध्ये वादकांनीच काढला, आणि आजही त्याच्या संचालक मंडळात वादक बसतात; कागद उघडून वाचत असतील, काय सांगावं. बर्लिनची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. बिल्झे नावाच्या वाद्यवृंद-संचालकाने आपल्या वादकांना वॉर्सॉच्या दौऱ्यावर आगगाडीच्या चौथ्या वर्गाने न्यायचं ठरवलं, असं सांगतात. त्यातले पन्नासावर वादक १८८२ मध्ये त्याला सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. तोच आजचा बर्लिन फिलहार्मोनिक. तेव्हा प्रवासखर्चाचा विषय निघाला तर एक वर्ग वरचा मंजूर करून टाका. निधी आहेच.