लाल टिका कुठेही नसतात

नव्या नियमांमुळे व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व कॉल आता रेकॉर्ड होणार, प्रत्येक संदेशावर सरकारची नजर राहणार आणि तीन लाल टिका दिसल्या की न्यायालयाचे समन्स येणार, असा मजकूर गेली काही वर्षे फिरतो आहे. परवा तो आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या ग्रुपवर आला आणि रोज सौद्याचे दर टाकणाऱ्या एका वयस्कर अडत्यांनी धास्तीने ग्रुपच सोडला, म्हणून हे सविस्तर लिहितो.

लाल टिक अस्तित्वातच नाही. एक टिक म्हणजे संदेश गेला, दोन म्हणजे पोहोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. त्यापुढे काही नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेक विभागानेही हा मजकूर खोटा ठरवला आहे.

प्रत्येक संदेश वाचला जातो, हेही खरे नाही. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो; या कुलपालाच एन्क्रिप्शन म्हणतात. किल्ली कंपनीकडे नसल्याने पोलिसांनी पत्र दिले तरी तिला मजकूर वाचून देता येत नाही. त्या अडत्यांचा आणि माझा फोन शेजारी ठेवून मी आमच्या दोघांच्या चॅटचा सुरक्षा कोड उघडला. पाच-पाच आकड्यांचे बारा गट त्यांनी बोट ठेवून एकेक ताडून पाहिले, सगळे जुळले, म्हणजे कुलूप आमच्या दोघांतच आहे.

नव्या नियमांनी सरकारला सरसकट अधिकार मिळाले, हा तिसरा दावा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची तरतूद आहे खरी, परंतु ती ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठी असून तिला न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि मजकूर उघड करण्याची सक्ती कंपनीवर नाही, असे त्याच नियमात लिहिले आहे. तरीही एन्क्रिप्शन मोडल्याशिवाय ती पाळता येणार नाही, या भूमिकेतून व्हॉट्सअ‍ॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. माझ्या मते ही हरकत रास्त आहे.

म्हणून पोलिसांच्या हाती काहीच लागत नाही, असा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये. खाते कधी उघडले, शेवटचे कधी वापरले, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) कोणता, अशी माहिती कायदेशीर मागणीवर मिळू शकते. जप्त केलेल्या फोनमधले किंवा समोरच्याने स्वतः दाखवलेले चॅट वाचायला कुलूप तोडावे लागत नाही. चॅटच्या बॅकअपचे, म्हणजे साठवलेल्या प्रतीचे, वेगळे एन्क्रिप्शन तर आपण होऊन सुरू करावे लागते; अडत्यांच्या फोनवर ते बंद होते, ते आम्ही तिथेच सुरू केले.