‘नोंदणीकृत मंडळाचं स्थळ म्हणजे सरकारनं तपासलेलं’ हे खरं नाही

नोंदणीकृत विवाह मंडळानं सुचवलेलं स्थळ सरकारनं तपासलेलं असतं, असा निरोप सध्या फिरतोय. 1998 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार नोंदणी होते ती विवाह मंडळाची, स्थळांची नव्हे. मंडळाच्या फॉर्मवरची जन्मतारीख, पगार, शिक्षण उमेदवार किंवा आईवडीलच भरतात. मंडळाच्या संचालिका पत्रिका नि अपेक्षा जुळवून स्थळं सुचवतात. चौकशी आपणच करायची: जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, पगारासाठी तीन महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म 16 (नोकरी देणाऱ्यानं दिलेला पगार नि करकपातीचा दाखला).

सगळ्यात जास्त फसगत ‘घटस्फोटित’ या एका शब्दात होते. स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या, वर नोटरीचा शिक्का, एवढ्यावर कृपा करून होकार देऊ नका. कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रतच मागा, अपिलाची मुदत संपली का तेही वकिलाला विचारा. हे मागताना भीड नको.