वाढीचं जनुक की वजनकाटा? हिंगण्याच्या वाचकाला उत्तर

भाऊ, तुमची टीका वाचली. जग डीएनएपर्यंत पोचलं आणि मी अजून मेंढपाळांना वजनकाटा घ्यायला सांगतो, असं तुमचं म्हणणं. वाढीच्या एका जनुकाची चाचणी करूनच मेंढा आणावा, कारण तुम्ही वाचलेल्या शोधनिबंधात 'एबी' प्रकाराची (त्या जनुकाची एक प्रत 'ए', एक 'बी') कोकरं तीन महिन्यांना 'एए'पेक्षा (दोन्ही प्रती 'ए') जड भरली.

भरली असतील. पण कशामुळे? कळपात दोनच मेंढे होते आणि 'बी' त्यातल्या एकातच होतं, आयांत नव्हतंच, तर सगळी एबी कोकरं त्याचीच. मग वजन त्या एका जनुकाचं, की त्याच मेंढ्याकडून आलेल्या बाकीच्या हजारो जनुकांचं? एएमध्ये जुळी जास्त पडली, तरी तोच फरक दिसेल. जुळ्यांना आईचं दूध वाटून प्यावं लागतं. पहिलटकरणीचं कोकरूही बहुधा हलकं. त्यात आपला नागपुरी उन्हाळा! मार्चात जन्मलेलं आणि पावसाळी हिरव्या चाऱ्यावरच्या आईचं कोकरू एका रांगेत उभं करायचं कसं? बाप, जन्म एकुलता की जुळा, आईचं वय, ऋतू हे सगळं वजा करून फरक उरला, आणि दुसऱ्या कळपातही तोच दिसला, तर बोलू.

एकट्याने मोठा परिणाम करणारी जनुकं नाहीत, असं नाही. टेक्सेल जातीच्या मेंढ्यांच्या मांसल पुठ्ठ्यामागे मायोस्टॅटिन या स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकातला एक बदल आहे. जुळ्यांचं जनुक फेकबी, ते तर आपल्याच राज्यातलं काम. सुंदरबनच्या गरोल मेंढीतलं हे जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढ्यांत आणलं. त्याची एक प्रत असली तरी मेंढीला जुळी होण्याचं प्रमाण बरंच वाढतं. मेंढ्याकडे बघून हा गुण कळणारच नाही, तिथे चाचणी हवीच. त्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा. पण वाढीचं वजन तसं नाही. त्यात असंख्य जनुकांचा चिमूट-चिमूट वाटा.

काट्यानेही चमत्कार होत नाही. तीन महिन्यांच्या वजनाची आनुवंशिकता ०.२ धरा, म्हणजे वजनातल्या फरकाचा पाचवा हिस्साच पुढच्या पिढीत उतरणारा. मेंढा त्या वयात सोबतच्या कोकरांच्या सरासरीपेक्षा ५ किलो जड होता. बापाचा वाटा निम्मा, म्हणजे अडीच. त्याचा पाचवा हिस्सा अर्धा किलो. इतकंच? हो, इतकंच, पण सरासरीने दर कोकरामागे, आणि त्यासाठी जादा ढेप लागत नाही. मात्र तोच मेंढा त्याच्याच मुलींवर सोडलात, तर आप्तपैदाशीत ही कमाई जाईल आणि कोकरं दगावतील ती वेगळीच.

तेव्हा बिल्ला क्रमांक, जन्मतारीख, एकुलतं की जुळं, आई-बाप आणि तीन महिन्यांचं वजन एवढं वहीत लिहा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पैदासशास्त्राची माणसं आहेत, त्यांना ती वही दाखवा. आणि विकणाऱ्याकडे एकाच वयाचे दोन नर दिसले, एकुलता १६ किलोचा आणि जुळ्यातला १५ किलोचा, तर मी जुळ्यातला उचलीन.