हायवेचा भराव उंच करून कोल्हापूर वाचणार नाही

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरायला लागतो: 'कोल्हापूरचा पूर म्हणजे अलमट्टीचं पाणी. हायवेच्या भरावाचा काही संबंध नाही. भराव आणखी उंच करा, पुणे-बंगळूर रस्ता बंद पडणार नाही. आणि पडला तरी अडकतात ते ट्रकवाले, शहराचं काय बिघडतं?' आमच्या भावकीच्या ग्रुपवरही तो आला, म्हणून लिहितोय.

आधी अलमट्टी, म्हणजे कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. तिथली पाण्याची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर न्यायला आपला विरोध असलाच पाहिजे. कोल्हापूरची पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते; तिथे कृष्णा तुडुंब असली की पंचगंगा तुंबते, हेही खरं. पण 2019 च्या पुराचं खापर पुराची कारणं तपासणाऱ्या राज्य सरकारच्याच वडनेरे समितीने अलमट्टीवर फोडलेलं नाही.

आता भराव. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकदम फुगल्या की पंचगंगा पात्रात मावत नाही, शेतांतून पसरून वाहते. तावडे हॉटेल ते शिरोली या पट्ट्यात त्या पसरलेल्या पाण्याला हायवेसाठी आडवा मातीचा बांध घातलाय. वाट उरते ती पुलाच्या गाळ्यांतून आणि मोऱ्यांतून. ताल फोडून वावरातलं पाणी काढणाऱ्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पूर एकट्या भरावाने आला असं मी म्हणत नाही. पाऊस अफाट होता, पूररेषेतली बांधकामंही आहेत. पण 'काही संबंध नाही' हे साफ खोटं.

म्हणूनच 'भराव उंच करा' हा उपाय मला सगळ्यात घातक वाटतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा हायवेच्या वरच्या अंगाला आहे. तिथे धोक्याची पातळी 43 फूट, आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. वरच्याच अंगाला बावडा, वडणगे, आंबेवाडी, चिखली. रस्ता कोरडा ठेवायचा म्हणून बांध वाढवला तर पाणी कुणाच्या उंबऱ्यात तुंबणार? नदीच्या पुलापासून सांगली फाट्यापर्यंत रस्ता खांबांवर घ्या, खालून पाणी जाऊ द्या. खर्च जास्त येईल, येऊ दे.

राहिलं 'शहराचं काय बिघडतं'. ऑगस्ट 2019 मध्ये हायवे जवळपास आठवडाभर बंद होता. शिरोली एमआयडीसीत कामाला जाणारी माणसं शहरात अडकली, शिरोलीचे पेशंट शहरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पोचेनात. शहरात पेट्रोल आधी रुग्णवाहिका आणि बचावाच्या गाड्यांना राखून ठेवावं लागलं. सांगली फाट्याजवळ थांबलेल्या ट्रकांच्या रांगेत आम्ही पिठलं-भाकरी वाटत होतो. तमिळनाडूचा एक ड्रायव्हर भाकरी हातात धरून समोरच्या पाण्याकडे बघत होता. कोल्हापूर किती लांब, असं त्याने हिंदीत विचारलं. मी बोट दाखवलं. पाण्यापलीकडे शहर तिथूनच दिसत होतं.