गटाचा वेग

ठरलं होतं पहाटे साडेपाचला निघायचं. साडूभाऊंनी आदल्या रात्री ग्रुपवर हे तीनदा टाकलं, तिसऱ्यांदा ठळक अक्षरांत. मी पाच पंचविसाला लॉबीत हजर झालो. तिथं एक पेंगणारा पहारेकरी होता आणि एक जागं मांजर. सहा वाजता मांजरही निघून गेलं.

साडेपाचचा आग्रह हा निव्वळ साडूभाऊंचा हट्ट नव्हता, त्यामागे शास्त्र होतं. उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यावर रात्री जमीन समुद्राच्या आधी थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. तो येणाऱ्या लाटेला समोरून थोपवतो, तिला इस्त्री करून देतो. ऊन चढलं, जमीन तापली की वारा उलटतो आणि दहा-साडेदहापर्यंत अख्ख्या समुद्राचा चुरगळलेला शर्ट होतो. सर्फिंग करायचं ते त्याच्या आधी. आम्ही चार दिवसांत चार किनारे केले आणि चारही ठिकाणी शर्टच पाहिला.

आम्ही एकूण नऊ. मी आणि बायको, मेव्हणी आणि साडूभाऊ, दातांचे डॉक्टर आणि त्यांची पत्नी, एक ऑडिटर मित्र, इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या आणि एक अबोल गृहस्थ. या गृहस्थांना कोणी बोलावलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटत होतं डॉक्टरांचे कोणी असतील. डॉक्टरांना वाटत होतं माझे.

आता नऊ माणसं लॉबीत जमायला किती वेळ लागावा? एकटा माणूस दहा मिनिटांत तयार होतो. पण नऊ जणांचा हिशेब नव्वद मिनिटांवरही थांबत नाही, कारण मध्ये ‘तोवर’ हा शब्द येतो. चार जण जमले की पाचवा येईपर्यंत पहिला म्हणतो, ‘तोवर मी जरा चार्जर घेऊन येतो.’ पाचवा येतो, तर पहिला नाही. मग दुसरी म्हणते, ‘तो येतोय तोवर मी वर जाऊन दार नीट लागलंय का बघते.’ अशा रीतीनं लॉबीत कायम चार किंवा पाच माणसं असतात, फक्त तीच माणसं नसतात. कायम असतो तो मी.

चार पहाटांत मिळून मी लॉबीत साडेसहा तास बसलो. एवढ्या वेळात माणसानं काय करावं? मी लाटांविषयी वाचलं. त्यात मला जे सापडलं त्यानं माझा अर्धा राग गेला. खोल समुद्रात चौदा सेकंदांच्या अंतरानं येणाऱ्या लाटा घेतल्या, तर त्यातली एकेक लाट ताशी साधारण ७८ किलोमीटरनं धावते. पण लाटा एकेकट्या येत नाहीत, घोळक्यानं येतात, आणि त्या घोळक्याचा वेग असतो ताशी ३९. बरोबर निम्मा! घोळक्यात पुढं असलेली लाट विरत जाते, मागं नवी उठते, ती पळत पळत पुढं येते आणि तीही विरते. म्हणजे समुद्रातसुद्धा पुढची लाट मागच्यांसाठी थांबून थांबून शेवटी ‘तोवर मी जरा’ म्हणून सटकते. मी हे ग्रुपवर टाकलं. साडूभाऊंनी अंगठा दाखवला. बाकीच्यांनी ते वाचलं नाही, कारण ते चार्जर शोधत होते.

फरक एवढाच, की निम्म्या वेगानं का होईना, लाटा येतात म्हणजे येतातच. वॉल्टर मंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये दक्षिण गोलार्धातल्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग थेट अलास्कापर्यंत काढला होता. दहा हजार किलोमीटरांहून जास्त. अर्धी पृथ्वी ओलांडून त्या ठरल्या किनाऱ्यावर पोचल्या. आमचा घोळका तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचा होता.

गाडी हा वेगळा अध्याय. टपावर सर्फिंगच्या नऊ फळ्या, वरून पट्टे. गाडीनं वेग घेतला की पट्टे वाऱ्यावर असा काही सूर लावायचे की आत बोलणं अशक्य. पट्ट्याला एक पीळ देऊन बांधलं की आवाज थांबतो, हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. तेही अबोल गृहस्थांनी न बोलता पीळ दिला म्हणून. शिवाय फळीवर पाय घसरू नये म्हणून घासायचं मेण असतं, ते पाण्याच्या तापमानाप्रमाणे वेगवेगळं मिळतं. साडूभाऊंनी प्रवासाआधी घाऊक मागवलेलं मेण थंड पाण्याचं होतं. सवलत होती म्हणे. पहिल्या दुपारी बंद गाडीत ते वितळलं आणि डॉक्टर त्यावर बसले. पुढं तीन दिवस डॉक्टर जिथं बसत तिथून उठताना आवाज येई. फळीवरून मात्र तेवढे एकटेच कधी घसरले नाहीत. चढलेच नाहीत तर घसरणार कसे?

प्रशिक्षक पोरगा विशीतला होता, उन्हानं रापलेला, आणि त्याला आमची दया येत होती हे तो लपवत नव्हता. पहिल्या दिवशी मी ‘सर’ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘अंकल’ झालो आणि दुपारी त्यानं मला नुसताच हात केला.

आधी त्यानं प्रत्येकाला पाठीमागून हलकाच धक्का दिला. तोल सावरताना जो पाय पुढं पडेल तो फळीवर पुढं ठेवायचा. डावा पुढं पडला तर ‘रेग्युलर’, उजवा पडला तर ‘गूफी’. माझा कुठलाच पडला नाही, मीच पडलो. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

मग वाळूत फळी ठेवून उभं राहायचा सराव. पालथं झोपायचं, छातीशी हात टेकायचे आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणून उभं राहायचं. तो हे करताना मधली पायरी दिसतच नसे, आत्ता झोपलेला आणि आत्ता उभा. माझ्या बाबतीत फक्त मधलीच पायरी होती. एक गुडघा खाली, एक हात वाळूत, तोंडातून ‘आई गं’. वाळूवर हे जमायला मला पाऊण तास लागला. वाळू हलत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

सुरक्षेच्या सूचना मात्र आम्ही मन लावून ऐकल्या. वाळूत शेपटीचा काटा मारणारे स्टिंगरे मासे दडून असू शकतात, म्हणून पाय उचलून टाकायचा नाही, तळ घासत चालायचं. पडताना सूर मारायचा नाही, पसरून उताणं पडायचं आणि वर येताना हातांनी डोकं झाकायचं. परतीचा प्रवाह आत ओढू लागला तर त्याच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. यावर ऑडिटरनं विचारलं, ‘समांतर, पण डावीकडे की उजवीकडे?’ पोरगा म्हणाला, कुठंही. ऑडिटरला हे मोघम उत्तर पटलं नाही. पाण्यात ते गुडघ्याच्या पलीकडे गेले नाहीत, शेरा प्रलंबित ठेवून काठावरच राहिले.

फळी घोट्याला दोरीनं बांधतात. तिला लीश म्हणतात आणि ती मागच्या पायाला बांधायची असते. साडूभाऊंनी ती पुढच्या पायाला बांधली, आणि सांगायला गेलो तर म्हणाले, ‘अहो, तुम्ही तुमची बघा.’ पूर्वी ही दोरी नव्हती. पडला की फळी एकटी काठाला जायची आणि माणूस तिच्यामागं पोहत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोरी आली आणि फळी पळून जायची थांबली. आता ती परत येऊन मारते. वेटसूटवाले, म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख विकणारे, जॅक ओनील यांचा डावा डोळा १९७१ मध्ये असाच, दोरीनं झटक्यात परत आणलेल्या फळीनं गेला, आणि त्या दोरीच्या मागं डोकं होतं त्यांच्याच मुलाचं. लॉबीत हे वाचल्यापासून मी पाण्यात डोकं झाकण्यात इतका तरबेज झालो की लाट येण्याआधीच झाकायचो. पोरगा ओरडायचा, ‘हात! हात पाण्यात!’

गंमत अशी की हे सगळं कमरेएवढ्या पाण्यात चाललेलं. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीला आली की फुटते. आमच्या लाटा जेमतेम अडीच-तीन फुटी, म्हणजे फुटायच्या त्याच तीन-चार फूट पाण्यात, आणि आम्ही असायचो त्याच्याही अलीकडे, फेसात. मी एकदा बुडालो. व्यवस्थित बुडालो, म्हणजे आयुष्य डोळ्यांपुढून सरकायला लागलं होतं आणि मी साधारण सहावीपर्यंत आलो होतो. तेवढ्यात बायकोचा आवाज आला, ‘अरे, उभा राहा.’ उभा राहिलो. पाणी कमरेला लागलं.

समुद्र नाकात जातो हे सगळे सांगतात. तो तिथं राहायला येतो हे कुणी सांगत नाही. दोन-तीन तासांनी, कोरडे ठणठणीत कपडे घालून तुम्ही हॉटेलच्या काउंटरवर सही करायला वाकता आणि नाकातून अचानक पेलाभर खारं पाणी रजिस्टरवर. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे टिपकागद पुढं केला. म्हणजे आम्ही पहिले नव्हतो. आणि ऊन कुठं लागतं? नाकाला नाही, खांद्याला नाही. तिथं आपण पांढरा लेप फासलेला असतो. ऊन लागतं गुडघ्यांच्या मागच्या खळग्यांत, कारण माणूस चार तास फळीवर पालथा असतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे पाय न वाकवता चालत होतो. त्यामुळे लॉबीत पोचायला आणखी वेळ लागू लागला.

त्या पोराच्या झोपडीत हवाईच्या ड्यूक कहानामोकूचा एक जुना फोटो होता. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवणारा हाच तो गडी. सोळा फुटांची, पन्नास किलोंहून जड लाकडी फळी वापरायचा. आमच्या फळ्या नऊ फुटी, फोमच्या, आणि तरी त्या काखेत मारून मी किनाऱ्यावरून चालू लागलो की वारा मला फळीसकट गर्रकन फिरवायचा. एकदा फिरताना मेव्हणी मध्ये आली. त्याबद्दल अजून बोलणं चालू आहे, म्हणजे बंद आहे.

खरं तर हा खेळ घोळक्याचा नाहीच. नियमच आहे, एका लाटेवर एक माणूस, आणि जिथं लाट फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल त्याचा हक्क. दुसऱ्यानं मध्ये घुसणं हा मोठा गुन्हा. आम्ही घोळक्यानं एका लाटेवर घुसायचो. हेतू वाईट नव्हता, आम्हाला वळता येत नव्हतं. त्या गर्दीतून दुसऱ्या दिवशी अबोल गृहस्थ अचानक उभे राहिले, सरळ काठापर्यंत आले, फळीवरून उतरले, ती उचलून झाडाखाली जाऊन बसले. आम्ही धावत गेलो. ‘अहो, कसं केलंत?’ ते म्हणाले, ‘जमलं.’ चार दिवसांत ऐकलेला हा त्यांचा एकमेव शब्द.

शेवटच्या दिवशी साडूभाऊंनी जाहीर केलं की ग्रुप फोटो झाल्याशिवाय हलायचं नाही. सगळे एका फोटोत, एकदम. ‘बारा वाजता काठावर या.’ बाराला पाच कमी असताना मी एकटाच पाण्यात होतो. चेंगराचेंगरी नाही, कुणाचं कोपर नाही. पोरगा कंटाळून शेजारी उभा होता. त्यानं मागं पाहिलं, फळी ढकलली आणि म्हणाला, ‘अप.’

मी उभा राहिलो. कसा ते मला विचारू नका, मधली पायरी मलाही दिसली नाही. पायांखाली काहीतरी सरकत होतं आणि मी त्याच्यावर होतो. गुडघे वाकलेले, पार्श्वभाग गावभर बाहेर, दोन्ही हात असे पसरलेले जणू कुणाला तरी अडवतोय. एक, दोन, तीन, चार सेकंद. मी काठाकडे पाहिलं. आठच्या आठ जण एका ओळीत उभे होते, माझ्याकडे पाठ करून. एका वाटसरूच्या हातातल्या फोनकडे बघत दात दाखवत होते. प्रवासात पहिल्यांदाच सगळे वेळेवर जमले होते.

‘अहो, कुठं होता तुम्ही?’ साडूभाऊ चिडले होते. ‘बरोबर बाराला या म्हटलं होतं ना?’

रात्री फोटो ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, ‘सगळे एकदम!’ आठ चेहरे, मागं निळं पाणी, वरचा भाग जरा विचित्र कापलेला. डॉक्टरांच्या कानाच्या वर पाण्यात फक्त एका फळीचं पिवळं टोक दिसत होतं. मी साडूभाऊंना विचारलं, मूळ फोटो आहे का?

‘नाही हो, मूळ काढून टाकला,’ ते म्हणाले. ‘मागं कोणीतरी मध्ये येत होतं.’